जपलेला उजवा

सोमवार, ३ मार्च
लेकीनं नव्या घराची किल्ली दाखवली. "भिंती कुणीही रंगवू दे, छत मात्र बाबा, तूच!"
हो म्हणून बसलो! उजव्या खांद्यात धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी बसवली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून एकही छत केलेलं नाही. म्हणवतो रंगारी, आणि डोक्याच्या वर ब्रश नाही.

मंगळवार, ४ मार्च
ही भडकली. "अहो, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं ना?"
तळहातावरच्या फोडासारखा जपलाय! बादली डाव्यानं, शिडी डाव्यानं, भिंत घासायची तीही डाव्यानं. आणखी काय करू?

शुक्रवार, ७ मार्च
शेजारचा सुतार म्हणे, "असले सांधे दहा-बारा वर्षांत ढिले होतात. माझ्या मेव्हण्याचा गुडघा..." याच्या मेव्हण्याला काही ना काही झालेलंच असतं! तरी मनात पाल चुकचुकली. लेकीला नाही कसं म्हणू? भीती वाटतेय, खरं सांगायचं तर.

रविवार, ९ मार्च
डावा दुखतोय. झोपेत दबला असेल.

बुधवार, १२ मार्च
दवाखाना. जुने डॉक्टर निवृत्त, आता एक तरुण बाई आहे. "इतकी वर्षं तपासणीला का नाही आलात?" दुखत नव्हतं म्हणून! बाईनं दोन्ही खांद्यांचे एक्स-रे काढायला लावले. म्हटलं, बिघाड असला तर उजव्यात असेल. "बघू या," म्हणाली.

शुक्रवार, १४ मार्च
उजवा ठणठणीत! वाटी घट्ट, गोळा जागच्या जागी. "अजून बरीच वर्षं चालेल. एखादं छत रंगवा खुशाल, रोज नको." मी नाचायचा बाकी होतो.
मग तिनं दुसरा एक्स-रे उजेडात धरला. डावा पार झिजलाय. बदलावा लागेल. "काका, उजवा जपायचा होता तो पहिले काही महिने. जन्मभर नाही!"
ही सोबत आली होती. जिना उतरताना म्हणाली, "सख्ख्याला राबवलंत आणि पाहुण्याचे लाड केलेत." हसू आलं, पण डाव्याकडे बघवेना.

रविवार, १६ मार्च
ऑपरेशन होईपर्यंत डावा झोळीत. लेक शिडी धरून उभी. ब्रश उजव्या हातात घेतला — वर गेला, सरळ छतापर्यंत! खाली घ्यावासाच वाटेना.