फटफटीचा खालचा आवाज

मी, चुनीलाल रामजी चौधरी, वय अठ्ठावन्न, धंदा फटफटी दुरुस्ती, राहणार शहादे, जिल्हा धुळे, उद्या मूतखड्याच्या ऑपरेशनसाठी चिंचपाड्याच्या दवाखान्यात जात आहे. परत येशील असे सगळे म्हणतात, पण मला धीर धरवत नाही. डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे, दडपण कोणाचेही नाही. कानांविषयी कलम तीन पाहावे.

कलम १. राहते घर पत्नी सुगंधाबाई हिचे. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये. शेजारी पितांबर याचा पत्रा चार बोटे आमच्या हद्दीत आला आहे. त्याच्याशी भांडू नये, पण विसरूही नये.

कलम २. लष्कराच्या लिलावातून सत्तेचाळीस साली घेतलेली विलायती फटफटी मुलगी कमल व जावई लोटन यांना. लोटन विसरवाडीला शिक्षक आहे. येत्या रविवारी तो गाडी न्यायला येणार आहे. कमल मागे बसेल आणि तिला सातवा महिना आहे. हे कलम मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले. कारण पुढे दिले आहे.

कलम ३. माझे कान वाहून वाहून गेले. उजवा त्रेपन्न साली, डावा त्यानंतर. हे फक्त सुगंधाला ठाऊक आहे. बाभळीच्या काठीचे एक टोक इंजिनाला लावून दुसरे दातांत धरले की आवाज हाडातून कळायचा. गिऱ्हाइकांना ती माझी ऐट वाटली, मीही वाटू दिली. मागच्या दिवाळीत दात काढले. आता काठी हिरडीवर नुसती गुदगुल्या करते.

गेल्या आठवड्यात कमलने गाडी सुरू केली आणि मला तोंडासमोर येऊन विचारले, "बा, हाई गाडी खट खट काब्र करी ऱ्हायनी?"

तिचे ओठ मी वाचले, गाडीचे मला काही ऐकू आले नव्हते. मी म्हणालो, "टॅपेट शे. काही नही."

टॅपेटचा, म्हणजे झडप उचलणाऱ्या खिट्टीचा, आवाज वरून येतो, बारीक असतो, निरुपद्रवी असतो. दुसरा येतो खालून, जड, चढावर वाढतो. तो पिस्टनच्या दांड्याच्या बेअरिंगचा. ते जाम झाले की मागचे चाक जागच्या जागी अडकते. विसरवाडीच्या वाटेवर घाट आहे. कमल कोणता आवाज म्हणाली, हे मला माहीत नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

कलम ४. हत्यारे व बाभळीची काठी माझा जुना भागीदार रतिलाल याला. त्रेपन्न साली एका कापूस व्यापाऱ्याच्या फटफटीवरून तो मला म्हणाला होता, "चुन्या, हाऊ आवाज टॅपेटना नही, खालना शे." मी हट्टाने गाडी दिली. व्यापाऱ्याचा पाय मोडला. मी गावभर सांगितले की इंजिन रतिलालने जोडले होते. ते खोटे होते. इंजिन मी जोडले होते.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर रतिलालने गाडी ऐकल्याशिवाय कोणी तिला किक मारू नये.

इथपर्यंतचे सगळे साक्षीदार सुकलालभाऊंना वाचायला दिले. कोर्टात कारकुनी केलेला माणूस. त्यांनी पाटीवर लिहून दाखवले: "मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. रविवार तीन दिवसांवर आहे." अब्रू मी तिजोरीत ठेवत होतो आणि पोरगी रस्त्यावर. त्यांना तसेच रतिलालकडे पिटाळले आहे.

शहादे, ता. १८ फेब्रुवारी १९६५.
सही: चुनीलाल रामजी चौधरी

साक्षीदार १: सुकलाल भिका पाटील.

साक्षीदार २: रतिलाल गोविंद चौधरी. सही करण्याआधी गाडी सुरू करून ऐकली. आवाज खालचा आहे. ठिणगी देणारा मॅग्नेटो काढून माझ्या दुकानात नेत आहे, त्यामुळे रविवारी गाडी हलणार नाही. सुकलालभाऊ म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही. म्हणून हत्यारे व काठी नाकारतो. चाके ओढून काढायचा पुलर तेवढा नेतो, तो माझाच आहे. चुनीलालला नीट ऐकू येत नाही हे मला त्रेपन्न सालीच कळले होते. त्याचे दुकान बंद पडेल म्हणून कोणाला सांगितले नाही. तो चिंचपाड्याहून आला की इंजिन दोघे मिळून खोलू.