काज एक, बटणं आठ

आदरणीय वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. आम्ही इथे सगळे बरे आहोत, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिते. तुमचा उजवा खांदा कसा आहे? तिकीटखिडकीत बसून दिवसभर हात आत-बाहेर केला की तो धरणारच. साहेबाकडून उंच खुर्ची मागून घ्या, असं तुमचे भाऊ म्हणत होते (स्वतः तीन पायांच्या स्टुलावर बसतात, चौथ्या पायाच्या जागी माझा दोऱ्यांचा डबा आहे). ढब्बी नऊ महिन्यांची झाली. खालचे दोन दात आलेत. ती चावते, मलाच. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील, त्या पोटात घाला.

आता मुद्द्याचं लिहिते. भावाच्या वाढदिवसाला तुम्ही जो खोका पाठवलात ना, त्याच्याबद्दल आहे. वन्सं, तुम्ही प्रेमाने पाठवलात, मला कळतं. पण प्रेमाने माणसं स्वेटर पाठवतात. स्वेटर गप्प राहतो. हा खोकाही गप्पच आहे म्हणा, आणि तिथेच तर सगळी गोची आहे. त्याला पुढे पंचवीस काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर आठ गोल बटणं, आणि आवाज म्हणाल तर शून्य. आपटला तरी हूं नाही की चूं नाही. आवाज असतो संगणकात. तिथे पडद्यावर एका वाद्याचं चित्र आहे आणि चित्रात बटणांची चित्रं आहेत. म्हणजे हाताला लागतं ते बटण मुकं आणि हाताला लागत नाही ते बोलकं! (हे मी तुमच्या भावांना बोलून दाखवलं तर म्हणाले, 'बरोबर समजलीस.' मला समजलं नव्हतं, मी भांडत होते.) मग खऱ्या बटणाने चित्रातलं बटण फिरावं म्हणून दोघांची गाठ घालायची. पडद्यावर 'लर्न' असा शब्द आहे, तो दाबायचा, चित्रातल्या बटणाला टोचायचं, मग खोक्यावरचं बटण फिरवायचं. झालं, यंत्र शिकलं. आठ गाठी घालायला ह्यांना बारा दिवस लागले, कारण रोज वेगळी गाठ बरी वाटायची. शेवटी प्रत्येक बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहिलं: आवाज, धार, भरणा, कंप, उठाव, ओसर, घुमारा. आठव्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. त्याने काय होतं ते त्यांनाच माहीत नाही.

इथवर मला काही त्रास नव्हता. पण त्या आठ बटणांतून तुमच्या भावांनी एक आवाज काढला. मोठ्या गिरणीच्या भिंतीला कान लावला की येतो ना, तसा. आणि ढब्बी, जी पाळण्याला, मांडीला, कोणत्याही गाण्याला दाद देत नाही, ती त्या आवाजाला दोन मिनिटांत झोपली. तेव्हापासून दुपारी बारा वाजले की मी खोक्याच्या एका पट्टीवर दोऱ्याचं जड रीळ ठेवते, पट्टी दाबलेली राहते, आवाज घुमतो, पोर झोपते आणि मी कारखान्यातून आलेल्या सदऱ्यांना काज-बटण करते. (झोपली तरी श्वास चालू आहे ना म्हणून मी तिच्या नाकाशी बोट धरते. मग ती उठते. तो माझा दोष, खोक्याचा नाही.)

नव्या नाटकाचं संगीत ह्यांचं आहे, म्हणून सोमवारी तुमचे भाऊ नाटकवाल्यांबरोबर सहा दिवसांसाठी तालमीला गेले. जाताना एक गाठ बदलायला बसले होते, एवढ्यात खाली गाडीने भोंगा वाजवला, ते तसेच उठून पळाले, आणि ते मेलं 'लर्न' चालूच राहिलं. मला काय माहीत? पडद्यावर एका चित्राभोवती पिवळी चौकट लुकलुकत होती. मला वाटलं, छान दिसतंय. मी फडकं घेतलं आणि खोका पुसला. मी पुसते तेव्हा नीट पुसते, वन्सं, वरवर नाही. एकेक बटण चिमटीत धरून गरगर फिरवून पुसलं. आठच्या आठ. आणि यंत्र शिकत बसलं! आठही बटणं जाऊन एकाच चित्राला चिकटली. धारेला.

बारा वाजता रीळ ठेवलं आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला. ढब्बी दचकून रडायला लागली. मी 'आवाज' फिरवलं, खिळा बारीक झाला. 'कंप' फिरवलं, खिळा जाड झाला. 'ओसर' फिरवलं, पुन्हा खिळाच. मोडलं म्हटलं मी, वन्संनी दिलेलं मोडलं. तिला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसले, पायात रबरी चपला घालून (करंटची मला भीती वाटते), तर बाईसाहेबांनी खालून संगणकाचा उंदीर धरून असा खेचला, की चित्रातली चार बटणंही कुठच्या कुठे फिरली. करायला गेले पुसापुशी आणि झालं वाटोळं. त्या दिवशी ढब्बी झोपली नाही. मंगळवारी नाही. रडून रडून तिचा आवाज बसला आणि मला वाटायला लागलं, हिला काहीतरी झालंय. कपाळाला हात लावला तर गार. गार का, म्हणून आणखी घाबरले.

खरं सांगायची हिंमत होईना, म्हणून मंगळवारी ह्यांना फोन करून आडून विचारलं, 'अहो, समजा, नुसतं समजा हं, एखाद्याच्या आठही बटणांनी एकच काम करायला घेतलं तर?' पलीकडे तालीम चाललेली. म्हणाले, 'तू शिकतेयस?' वन्सं, इतका आनंद मी लग्नातसुद्धा त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता! 'अगं, मला वाटायचं तुला ह्यातलं काही आवडत नाही.' आता ह्यावर कोण खरं सांगेल? मी म्हटलं, 'हो, शिकतेय.' तर म्हणाले, 'मग आधी मॅपिंग पुन्हा घे.' (गाठी घालण्याला मॅपिंग म्हणतात, हे मला मागाहून कळलं.) तालमीच्या गोंगाटात मला ऐकू आलं, माप पुन्हा घे. मापाचं मला कोण शिकवणार? टेप काढली आणि खोक्याचं माप घेतलं. अकरा इंच रुंद, सात खोल, बटणाचा घेर दोन. फोन करून कळवलं. ते इतके हसले की तालमीतले लोक काय झालं म्हणून विचारायला लागले, आणि ह्यांनी सगळ्यांना सांगितलं. आता सगळ्या नाटक कंपनीला आमच्या खोक्याचा घेर माहीत आहे.

बुधवारी ह्यांनी स्वतःहून फोन केला, मला शिकवायला. चित्रातले शब्द इंग्रजी, मी अक्षर ओळखून सांगायची, ते पुढचं सांगायचे. 'उठाव' म्हणजे तिथे 'अटॅक' लिहिलंय म्हणे. मी एका हाताने ढब्बीला धरलेलं, ती रडतेय, म्हणून मी ओरडून सांगतेय, 'अटॅक आला! आता काय करू? वाढतोय! कमी होत नाहीये!' खालच्या मजल्यावरच्या काकू तांब्याभर पाणी घेऊन धावत वर आल्या. घाईत एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात काकांची. 'कोणाला आला?' म्हणाल्या. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाणी स्वतःच प्यायल्या. 'तू आधी झोप,' म्हणाल्या. 'हिला झोपवल्याशिवाय कशी झोपू?' म्हटलं. 'मग ते डबडं बंद कर.' 'ते बंद केलं तर ही कशी झोपेल?' काकू जिन्यातून उतरेपर्यंत स्वतःशी बोलत होत्या.

गुरुवारी सकाळी मला सुचलं. सदरा हातात होता. डावीकडे काजांची पट्टी, उजवीकडे बटणांची. आणि एकदम लख्ख झालं, वन्सं! पडदा म्हणजे काज आणि खोका म्हणजे बटण. एवढंच तर आहे! आठ बटणं मी एका काजात कोंबली होती. एवढं सांगायला तुमच्या भावांना 'मॅपिंग' म्हणावं लागतं. बसले, ढब्बीला पाठीशी बांधलं, आणि एकेक गाठ घातली. पहिलं बटण वरच्या चित्राला, दुसरं त्याच्या खालच्याला, सरळ खाली. सातव्या बटणाशी खालची चित्रं संपली. एक बटण उरलं! तुम्ही कधी घाईत सदरा घातलात का? वरचं काज सोडून दुसऱ्यापासून लावत जायचं आणि शेवटी एक बटण हातात उरतं. तस्संच. पडदा थोडा खाली सरकला होता आणि 'आवाज' वर लपून बसला होता. आठवं बटण त्याला दिलं. म्हणजे सगळी नावं एकेक घर चुकली.

आता काज एकदा कापलं की कापलं. चुकलं तर आम्ही काज उसवत नाही, बटण सरकवतो. तेच केलं. कागदाच्या पट्ट्या नखाने अलगद उचलल्या आणि एकेक घर सरकवून चिकटवल्या. मग चित्रं न बघता, नुसत्या कानाने फिरवत गेले. थोडी धार, बराच भरणा, घुमारा आणखी थोडा. गिरणी आली नाही. दुसरंच काहीतरी आलं, शिलाई मशीन शेजारच्या खोलीत चालावी तसं. ढब्बी अडीच तास झोपली. मी नाकाशी बोटसुद्धा धरलं नाही. (एकदाच धरलं.)

तुम्हाला हे सगळं कळवलं ते एवढ्यासाठी, की ह्यांच्याजवळ बोलू नका. घरच्यांना नमस्कार, खांद्याला शेक.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. शनिवारी हे आले, सोबत दिग्दर्शकही, ह्यांचं संगीत ऐकायला. हे स्टुलावर बसले आणि काय केलं माहितेय? एक, फक्त एकच कळ दाबली. त्यांनी सगळ्या गाठी आधीच साठवून ठेवल्या होत्या म्हणे! एका कळीत सगळं होतं तसं. माझे चार दिवस, काकूंचं पाणी, सगळं फुकट. मी कपाळावर हात मारला.

आणखी ता. क. गाठी जुन्या आल्या, पण पट्ट्या मी सरकवलेल्याच होत्या. ह्यांनी ऐटीत 'आवाज' हळूहळू वर नेला, तर भलतंच काहीतरी घरघरायला लागलं. 'भरणा' म्हणून हात घातला आणि धार फिरली. खिळा! ढब्बी उठली, दिग्दर्शक उठले. मग मला सांगावं लागलं. सगळंच, फडक्यापासून. दिग्दर्शक म्हणाले, 'ते शिलाई मशीन ऐकवा.' ऐकवलं. ढब्बी झोपली, तेही थोडे पेंगले. आता नाटकात तेच घेतलंय. ह्यांनी माझ्या गाठीही साठवल्यात, 'बायको' नावाने. आता हे रोज विचारतात, आज कोणतं उघडू?

शेवटचा ता. क. वन्सं, खरं लिहिते. पुढच्या सोमवारपासून हे तीन आठवडे जाणार. मला बटणांची भीती नव्हती. दिवसभर घरात मी आणि ती दोघीच, आणि ती रडली की मला काही म्हणजे काही कळत नाही, त्याची आहे. तुमची रजा शिल्लक आहे असं हे म्हणाले. तुम्ही दोन मुलं वाढवलीत, तुम्ही नुसत्या खाटेवर बसून राहिलात तरी चालेल, खांदा मी चोळून देईन. सगळ्या पट्ट्या परत जागेवर लावल्यात. आठव्यावर अजून प्रश्नचिन्हच आहे. तिथे 'वन्सं' लिहू का? येताना काही आणू नका. खोका तर मुळीच नको.