लाल पायवाट आणि माझे दोन शब्द

सेलू,
सोमवार सकाळ

आदरणीय सिताराम दाजी यांना सिद्धोधनचा सविनय जयभीम.

तुमची तब्येत, अक्काचे गुडघे आणि झरीची ज्वारी ही तिन्ही ठीक असावीत असे धरून चालतो, कारण गेले वर्षभर मी विचारलेले नाही. तुमच्या साक्षीच्या बारशात मी दोन शब्द बोलत असताना (पन्नासावे मिनिट चालू होते, हे मान्य) तुम्हाला जो खोकला सुटला, आणि मी खाली बसताच तो जसा एकाएकी बरा होऊन तुम्ही खणखणीत आवाजात जिलेबी वाढायला घेतली, त्या दिवसापासून मी झरीची वाट सोडली. तो विषय आज काढत नाही. काढला असता तर पुराव्यानिशी काढला असता. आजच्या पत्राचे कारण सार्वजनिक आणि गंभीर आहे.

देवगाव फाट्यावरून आत गेल्यावर पिंपळटेक लागते, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे आता निसर्ग उद्यान झाले आहे आणि तीन पायवाटा आखल्या आहेत. हिरवी लहान मुलांची, पिवळी माझ्यासारख्यांची, आणि लाल वाट थेट माथ्यावर जाते, जिथून पलीकडचे तळे दिसते म्हणतात. सगळे उत्तम, पण जायचे कसे? ज्याच्या दारात चारचाकी त्याने जावे, झाडाखाली मटण शिजवावे आणि पत्रावळ्या टाकून परत यावे. ज्याला खरोखर चालायची सवय आहे, त्या माणसाला मात्र तिथवर पोचायला वाहन नाही. जंगल काय कुणाला सासऱ्याने आंदण दिले आहे? (हे वाक्य मी सात सभांत म्हटले, सातही ठिकाणी टाळ्या पडल्या.) दोन वर्षे अर्ज केले, निवेदने दिली, एक दिवस उपोषणही केले. ते लाक्षणिक होते, पण धम्मशीलाने घरून डबा पाठवला नाही म्हणून खरे झाले. अखेर एसटी मंजूर झाली. दर रविवारी सेलूहून आठला निघायचे, नऊला पिंपळटेक, बाराला तिथून परत. एक महिना प्रायोगिक. अट एकच. तीच गाडी सव्वा वाजता सेलूहून दुसऱ्या फेरीवर जाते, म्हणून परतीला उशीर चालणार नाही. दाजी, साधी अट होती. मीच सही केली होती.

पहिल्या रविवारी त्रेचाळीस प्रवासी आले. शेतमजूर, कारकून, दोन मास्तर, पोरेबाळे, आणि सत्तरीच्या पार्वतीबाई, ज्यांनी फडक्यात भाकरी बांधून आणली होती आणि ज्यांच्याकडे तेव्हा माझे लक्षही गेले नाही. गाडी वेळेवर पोचली. फाटकावर वनमजूर मुंजाजीने झेंडूचे तोरण बांधले होते. इथवर इतिहासाने आमची बाजू घेतली होती. पण आपल्याकडे काहीही सुरू करायचे तर आधी सत्कार. ज्येष्ठ नागरिक संघाच्या दत्तरावांनी पिशवीतून शाली आणि नारळ काढले. ड्रायव्हर बन्सीधर यांचा सत्कार झाला, त्यांना फेटाही बांधला. कंडक्टर राजेश्रीबाईंचा झाला. मुंजाजीचा झाला. मग सर्वांत ज्येष्ठ प्रवासी, सर्वांत लहान प्रवासी (झोपेतच झाला), आणि ज्याने तोरणाची फुले दिली त्याच्या मेव्हण्याचा. एक नाव राहिले तर माणूस वर्षभर बोलत नाही. हे मी तुम्हाला काय सांगावे, आपण दोघेही जाणतो. शेवटी शाली देणाऱ्या दत्तरावांचा सत्कार करायला शाल उरली नाही, तेव्हा बन्सीधरांची तात्पुरती परत घेतली.

तोवर सव्वादहा झाले. मग मला दोन शब्द बोलायला सांगितले. (सांगितले नसते तरी बोललो असतो, पण सांगितले होते याची नोंद असावी.) मी पायवाट या विषयाला हात घातला. बुद्धांच्या पंचेचाळीस वर्षांच्या पायी चारिकेपासून सुरुवात केली. तिथून पाणवठ्याच्या वाटेवर आलो, मग निजामाच्या काळात आपल्या आज्याला कोणत्या रस्त्याने चालायची मनाई होती तिथे आलो, आणि दाजी, मी पेटलो. जे बोललो त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. लोक उन्हात उभे होते. मध्ये राजेश्रीबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, की सर, बारा वाजायलेत. मला वाटले, वेळेचे भान हरपले याची पावती देत आहेत. मी आणखी जोरात बोललो. ड्रायव्हरने गाडी काढावी, तर ते फेटा बांधून पहिल्या रांगेत, सत्कारमूर्ती, उठणार कसे?

मी समारोपाच्या दुसऱ्या वळणावर होतो, तेव्हा लाल वाटेवरून पार्वतीबाई खाली उतरल्या. त्या माझ्या पहिल्याच वाक्याला निघून गेल्या होत्या. माथा गाठला, तळे पाहिले, भाकरी खाल्ली आणि परत आल्या. सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "मास्तर, तुमी अजून फाटकातच हाव व्हय?"

गाडी एकला हलली. त्रेचाळीसपैकी बेचाळीस जणांनी पिंपळटेकचे फाटक पाहिले. सेलूच्या स्टँडवर सव्वाच्या गाडीचे प्रवासी ताटकळत होते, त्यांनी आमचे जे स्वागत केले त्यात शाल नव्हती.

दुसऱ्या रविवारी मी निश्चय केला की फाटकावर बोलायचे नाही, आणि तो अक्षरशः पाळला. प्रवासी एकोणीसच होते. फाटकातून आत पिवळ्या वाटेला लागलो तर तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी. आता ही पाटी लोक वाचतात, पण समजून घेत नाहीत. मला शांततेचे महत्त्व समजावून सांगावे लागले. ते सांगून संपले तेव्हा पावणेबारा झाले होते. मुंजाजी बिचारा हात जोडून म्हणाला, की सकाळी इथं मोर होते, तुमचा आवाज आला तसे पलीकडं गेले. लोक तेव्हा कुठे वाट चालायला गेले, म्हणून गाडी पंचवीस मिनिटे उशिरा सुटली. शुक्रवारी आगाराचे पत्र आले की आणखी एकदा उशीर झाला तर फेरी कायमची बंद. कालचा रविवार मी घरी बसलो. गाडी मिनिटाला मिनिट धरून परत आली, पण प्रवासी चारच. मी बोलावल्याशिवाय लोक येत नाहीत, आणि मी आलो की गाडी निघत नाही. आता एकच रविवार उरला आहे.

काल दुपारी स्टँडवर पार्वतीबाई भेटल्या. त्या चौघांतल्या एक. मी त्यांना व्यवस्थेची उदासीनता समजावू लागलो. त्यांनी पूर्ण ऐकले नाही. "बस बंद झाली तर मी कशानं जाऊ? माझ्यापाशी गाडी हाय का?" एवढेच म्हणाल्या. दाजी, हे वाक्य दोन वर्षे मी व्यासपीठावरून म्हणत आलो होतो, पण मला ते एवढ्या थोडक्यात जमले नव्हते.

असो. सगळे क्षेम. अक्काला जयभीम, साक्षीला गोड पापा.

तुमचा मेहुणा,
सिद्धोधन

ता. क. येत्या रविवारी लोकांना घेऊन मी जाणार आहे. तुम्ही शनिवारीच मुक्कामाला या, सकाळी गाडीत माझ्याशेजारी बसा. मी कुठेही, फाटकावर, पाटीपाशी, झाडाखाली, तोंड उघडले की तीन मिनिटे मोजा आणि खोका. बारशात खोकलात तसे. मी रागावणार नाही. रागावलो तरी थांबू नका.

ता. क. दुसरा. शाल आणू नका. अक्काला चप्पल धड घालून आणा, लाल वाट आपण तिघे चढू. ती मी स्वतः अजून पाहिलेली नाही, हे सेलूत कुणाला सांगायचे नाही.

ता. क. तिसरा. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी धम्मशीलाला वाचून दाखवले. सत्कारापाशी आलो तेव्हा तिला खोकला आला. तिला सर्दी नाही.