कंट्रोल दोनदा दाबला की

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
बुधवार

तीर्थरूप चंद्रप्रकाशमामांस,

भाचेजावई अनयचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनातल्या मनात घातलाय. आमच्या हॉलमधून टेबल, दोन खुर्च्या आणि वायरी वजा केल्या तर जी जागा उरते तिच्यात माणूस फार तर गुडघे टेकू शकतो.) तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि आता पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा चष्म्याशिवाय वाचता असं गंधालीकडून कळलं. त्याच भरवशावर हे पत्र पेनाने लिहितोय. मेसेज केला असता, पण तुमचा फोन तुमच्याआधी मामी वाचतात, आणि मामींनी वाचलेलं इथे गंधालीपर्यंत पोचायला चहा उकळण्याइतकाही अवकाश लागत नाही. फोनवर बोलावं तर वन बीएचकेत कुठूनही बोललं तरी ते हॉलमध्येच बोलल्यासारखं होतं. म्हणून कुरिअर. मामींना नमस्कार सांगा, पत्र दाखवू नका.

तुम्ही दिलेल्या भेटीबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते. त्याआधीच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा मी टेबलाखाली आडवा होतो, आठवतंय ना. माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन चहा पिऊन मेलेला, गंधालीच्या ऑफिसने पाठवलेला कॉम्प्युटर म्हणजे नुसता पोळपाटाएवढा डबा, ना तोंड ना हात, आणि तिसरा तो सोसायटीचा जुना खोका, सेक्रेटरी म्हणून माझ्या गळ्यात पडलेला. तिघांत मिळून मॉनिटर एक, कीबोर्ड एक, माऊस एक. प्रत्येक वेळी खाली शिरून याच्या वायरी काढा, त्याच्या लावा. ते बघून तुम्ही हळहळलात आणि पुढच्याच आठवड्यात नाशिकहून ती काळी डबी घेऊन हजर झालात. तीन बटणं. एक दाबलं की मी, दोन दाबलं की गंधाली, तीन दाबलं की सोसायटी. "एका वेळी एकच माणूस," तुम्ही म्हणालात, "शिस्त लागेल तुम्हाला." वीज मंडळात आयुष्य काढलेल्या माणसाने दिलेली वस्तू, म्हटल्यावर आम्ही दोघांनी मान डोलावली.

शिस्त कशी लागली ते आता सविस्तर सांगतो.

मामा, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला एका जागी बसवत नाही. (लग्नात होमासमोर बसल्या बसल्या मी तीनदा उठलो होतो आणि भटजींनी मला खांद्याला धरून खाली दाबलं होतं, त्याचा फोटो तुमच्याच अल्बममध्ये आहे.) आता बटण दाबल्यावर एकाचा पडदा जाऊन दुसऱ्याचा येईपर्यंत मध्ये जो काळोख असतो, तो म्हणे दोन सेकंदांचा. तेवढ्यात मी उठून गॅलरीत जाऊन येतो. आणि बसून विचार करायची वेळ आली की माझी करंगळी कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या कंट्रोलवर ठेका धरते, टक टक, टक टक. ही सवय जुनीच. त्या डबीसोबत आलेल्या चिटोऱ्यावर मुंगीच्या अक्षरात छापलं होतं, की कंट्रोल लागोपाठ दोनदा दाबला तरी कॉम्प्युटर बदलतो. ते मी वाचलं नाही. तुम्हाला तेव्हा मोतीबिंदू होता.

तर एका दुपारी गंधाली भाजी आणायला खाली गेली होती, आणि मी तीन नंबरवर सोसायटीच्या ग्रुपसाठी नोटीस लिहायला बसलो. मी मराठी इंग्रजी अक्षरांत मारतो, तो खोका आपला आपण त्याचं मराठी करतो, त्यामुळे मान खाली घालूनच लिहायचं काम. नोटीस अशी: टाकी धुवायची असल्याने उद्या बंद राहील, सर्वांनी काय ते आजच उरकून घ्यावे, उद्या कोणाचीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. ("ऐकून घेतली जाणार नाही" की "स्वीकारली जाणार नाही", याचा मी लिहायला घेण्याआधीच जरा वेळ विचार केला. टक टक, टक टक.) एंटर मारला आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका पक्षकाराचा जीएसटी भरून द्यायचा होता, त्याच्याकडे कागद आणायला निघून गेलो.

ती नोटीस गेली दोन नंबरवरच्या उघड्या चॅटमधून गंधालीच्या साहेबांना. हे साहेब हैदराबादला बसतात, मराठीचा गंध नाही. त्यांनी ती भाषांतराच्या यंत्रात घातली. बाकी सगळ्याचं इंग्रजी झालं, टाकी तेवढी टाकीच राहिली. आता गंधालीच्या विमा कंपनीत, मामा, तक्रार हा फार नाजूक शब्द. साहेबांनी असं धरलं, की मुख्य कचेरीत टाकी नावाची कसलीतरी यंत्रणा आहे, ती उद्या बंद आहे, आणि ही गोष्ट आपल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे त्यांनी कोणाला विचारलं नाही. चार शहरांतल्या माणसांना हुकूम सोडला, की तुंबलेल्या सगळ्या तक्रारी आजच्या आज निकालात काढा. माणसं जेवण सोडून बसली. वर्षभर धूळ खात पडलेली प्रकरणं त्या संध्याकाळी मिटली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी गंधालीला विचारलं, टाकी सुरू झाली का. तिला आधी काही उमगेना. मग तिने चॅट वर सरकवून वाचलं, माझ्याकडे बघितलं (मी तेव्हा स्टुलावर चढून पंखा पुसत होतो, उगाचच) आणि उत्तर दिलं, हो, झाली. दुसरं काय सांगणार.

इकडे सोसायटीला नोटीस मिळालीच नव्हती. सकाळी पाणी गेलं तेव्हा आमचे चेअरमन मधुकरकाका अंगाला साबण लावून उभे होते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कुंदाताईंच्या डोक्याला मेंदी होती. कुंदाताई टॉवेल गुंडाळून आमच्या दारात आल्या. मी म्हटलं, नोटीस दिली होती. त्या म्हणाल्या, "कुणाला दिलीस रे, हवेला?" मला वाटत होतं की मी दिलीय. मी कॉम्प्युटर उघडून दाखवायला गेलो आणि दाखवायला काहीच नव्हतं.

एवढ्यावर मिटलं असतं. पण त्याच दिवशी गंधालीने हा सगळा प्रकार आपल्या ऑफिसातल्या जान्हवीला कळवायला घेतला. ती टायपिंग बिनचूक करते, बघावं लागत नाही. दूध गॅसवर होतं, म्हणून तिची नजर दुधावर आणि बोटं कीबोर्डवर. मी तेवढ्यात तिच्या पलीकडचा माझा पेन घ्यायला हात लांबवला. हात नुसताच कोपऱ्यावर दोनदा टेकला, की करंगळीने आपसूक ठेका धरला, ते मला सांगता येणार नाही. तिने त्यानंतर लिहिलेलं सगळं तीन नंबरवरून सोसायटीच्या ग्रुपवर गेलं, नोटिशीसारखंच छान मराठीत होऊन.

काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे, पण सगळं लिहीत नाही. की हा माणूस पाव तास एका जागी बसला तर मी पेढे वाटीन. बिल्डिंगच्या पंपाला शिंक आली की हा धावतो आणि स्वतःच्या बाथरूमचा नळ गणपतीपासून गळतोय. लोकांची कामं अंगावर घेतो ती कामाच्या हौसेने नाही, घरात बसायला नको म्हणून. आणि पुढे तिने, जान्हवीला काय गरज होती देव जाणे, पंपाची वेळ कशी बदलावी, वरच्या मजल्यांना आधी पाणी कसं सोडावं आणि टाकी कुठल्या वारी धुवावी, हे चार ओळींत मांडलं होतं. ही चार ओळींची गोष्ट मी दोन वर्षांत तीन सभा घेऊन सोडवू शकलो नव्हतो.

ग्रुपवर आधी कुंदाताईंचा अंगठा आला. मग खालून वर अंगठेच अंगठे. तळमजल्याच्या एका गृहस्थांनी, जे वर्षभर मेंटेनन्सबद्दलसुद्धा तोंड उघडत नाहीत, लिहिलं, "वहिनी बरोबर."

दूध उतू गेलं. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत होतो.

"मी जान्हवीला लिहीत होते," ती म्हणाली.

"म्हणजे जान्हवीला कळलेलं चाललं असतं?"

"जान्हवी आपल्या पाण्याच्या लाईनवर नाहीये, अनय."

"खोटं तरी आहे का त्यातलं काही?" असं मी विचारलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, रागात लिहिलं रे. ती गॅस पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "नळाचं तरी खोटं नाहीये." बाकीच्याबद्दल बोललीच नाही. त्या दिवशी मी आरे कॉलनीपर्यंत स्कूटर घेऊन गेलो आणि तिथे काहीच काम नसल्यामुळे परत आलो. लागलं होतं मला, मामा. पंपाचं नाही, ते "घरात बसायला नको म्हणून" असं जे लिहिलं होतं, ते.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहिला. राजीनामा दिला की समजूत घालायला येतात, ही रीत आहे. मी चहाचं आधण ठेवून बसलो. मधुकरकाका, कुंदाताई आणि आणखी दोघं आले, चहा प्यायले, बिस्किटं संपवली आणि राजीनामा घेऊन गेले. जाताना मधुकरकाका दारात थांबले. मला वाटलं, आता काही बोलतील. ते माझ्या खांद्यावरून आत बघून म्हणाले, "गंधाली, रविवारी सभेला ये हं बाळा." सभेत ती एकमताने निवडून आली. एकमतात माझंही मत होतं, कारण ती शेजारीच बसली होती.

आता पंप वेळेवर चालतो, भांडणं बंद झालीत. त्या टाकीच्या पुण्याईने गंधालीला ऑफिसात बढतीही मिळाली. म्हणजे दोन नंबर तिचा, तीन नंबरही तिचा, आणि एक नंबर माझा, तो ती जेवायला उठली की. माझे पक्षकार म्हणतात, साहेब, कागद कधी भरणार. मी म्हणतो, बायको भाकरी खाते तेव्हा भरतो, भात असला तर लवकर संपतं. सेक्रेटरीपद गेल्यापासून संध्याकाळी करायला काही नाही. नळ दुरुस्त केला. मग चांगला चालणारा दुसरा नळही दुरुस्त केला, तो आता गळतो.

एरवी मी माझी पाळी येईपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसून असतो. मॉनिटर एकच, मग बघणार काय, तिचंच काम बघतो. लग्नाला इतकी वर्षं झाली पण ती दिवसभर नक्की काय करते हे मला ठाऊक नव्हतं. विम्यात आहे, एवढंच सांगायचो लोकांना. परवा कांजूरमार्गच्या एका आजोबांचं प्रकरण होतं, बायकोच्या दवाखान्याचं बिल, तीन वेळा नाकारलेलं. तिने त्यांचे सगळे कागद पहिल्यापासून वाचले. एका रिपोर्टवर तारीख चुकली होती, तेवढ्यासाठी तो माणूस वर्षभर हेलपाटे घालत होता. तिने त्यांना फोन करून सांगितलं, "काका, पैसे मिळतायत." पलीकडे आजोबा चष्मा शोधून रक्कम लिहून घेईपर्यंत ती फोन धरून थांबली. मग मला म्हणाली, "घे, कर तुझं काम, मी चहा टाकते." माझी पाळी आली होती हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

असो. तर एकूण तुमच्या डबीने आमच्या घराची अशी वाट लावली आहे. माझं पद गेलं, अब्रू गेली, कीबोर्ड गेला. तुम्ही वडीलधारे, तुम्हाला दोष देत नाही, पण पुढच्या वेळी कोणाला भेट द्यायची झाली तर पितळी समई द्यावी असं सुचवावंसं वाटतं. प्रकृतीला जपा. मामींच्या हातच्या लोणच्याची आठवण निघते.

आपला,
अनय

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. बढतीबरोबर गंधालीच्या ऑफिसने तिच्यासाठी वेगळा मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि माऊस पाठवला. ती तेव्हा बँकेत गेली होती, मी सही करून घेतला. खोका सोसायटीच्या ऑफिसात कॅरम बोर्डच्या मागे ठेवलाय. तिला सांगितलं, अजून आला नाही. ती रोज ऑफिसला विचारते, ऑफिस म्हणतं पोचला.

ता. क. दुसरं. येत्या रविवारी मला सोसायटीच्या ऑफिसची किल्ली नव्या सेक्रेटरींच्या ताब्यात द्यायची आहे. तेव्हा मामा, तुम्ही शनिवारी गाडी घेऊन या. सहज आलो म्हणा. जाताना मी तुमच्या डिकीत एक खोका ठेवीन, तो नाशिकला कुठेतरी माळ्यावर टाका. आणि तिने विषय काढलाच तर, दोघांत एकच मॉनिटर असला की डोळ्यांना बरं असतं, असं काहीतरी सांगा. तुम्ही इंजिनिअर, शिवाय नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालेले, तुमचं ती ऐकेल. तिला स्वतःचा सेट मिळाला की ती तो घेऊन आतल्या खोलीत बसणार. मग भांडायचं झालं तरी दर वेळी मला उठून आत जावं लागेल, आणि मी अलीकडे एका जागी बसायला लागलोय.