फळ्यावरचं वजन

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे इथे ठीक आहोत, तूही असशील असं धरून चालते. आईचे गुडघे आता कमी दुखतात, बडबड मात्र वाढलीय. बाबा नेहमीसारखे वर्तमानपत्रामागे. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग.

बॉक्सिंगच्या हॉलमध्ये ठोसे मारायच्या दोन नव्या बॅगा टांगल्यात. सरांचा आवाज अजून रस्त्यापलीकडे ऐकू जातो. रविवारच्या निवड चाचणीला साठ किलोच्या आतल्या गटात हॉलमधून एकच मुलगी जाते आणि तू मावशीकडे राहायला गेल्यावर तिथे माझं नाव लागलं, हे तिच्याकडून तुला कळलंच असेल. तू म्हणालीस म्हणे, "बरं झालं, घरातच राहिलं." ते ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तसंही वजन कमी करायचंय, म्हणून फारसे घास मिळतच नाहीत.

काडीला कसलं वजन कमी करायचंय, असं म्हणशील. तिथूनच सुरू करते.

गेल्या जूनपासून मी चोरून व्यायामशाळेत जातेय. बाजाराच्या मागे, तळघरात आहे ती. सरांचं मत तुला तोंडपाठ आहे, लोखंड उचललं की हात लाकडाचे होतात. पण तुझ्या एकेका ठोशाने मी मागे दोरांवर जाऊन आदळायचे आणि तू हसून म्हणायचीस, "काडे, जेवत जा गं." सगळा हॉल हसायचा. मीही हसायचे.

पहिले दोन महिने नुसता सावळा गोंधळ होता. सकाळी वजनं, संध्याकाळी बॉक्सिंग, दोन्ही जीव तोडून, रोज. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. आई म्हणाली, "गुडघे माझे गेलेत की तुझे?" शेवटी तिथल्या ट्रेनर बाईंनी माझी वही ओढून घेतली आणि निम्मे दिवस खोडले. आठवड्यातून दोनदाच वजनं, तीही बॉक्सिंग झाल्यानंतर. जड उचलायचं, पण कमी वेळा. स्पारिंगच्या लढतीच्या आदल्या दिवशी पायांचा व्यायाम करायचा नाही. "दोन्ही हवंय ना? मग दोन्हीतला थोडा हावरटपणा सोड," म्हणाल्या. आणि खायचं, झोपायचं. मी खाल्लं. दिवसाला आठ अंडी. आईला वाटलं मी गुपचूप कुत्रं पाळलंय. कुडत्यांच्या बाह्या दंडाला अडकायला लागल्या आणि ताई, खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. डिसेंबरपर्यंत मी सत्तावन्नची त्रेसष्ट किलो झाले, आणि हात लाकडाचे झाले नाहीत, उलट जोरात जायला लागले.

एवढं लिहून मघाशी पाणी प्यायला उठले. पुढचं लिहायचं टाळत होते, दुसरं काही नाही.

दर गुरुवारी स्पारिंगआधी प्रत्येकीने दाराजवळच्या फळ्यावर आपलं वजन आपल्याच हाताने लिहायचं. सर काट्यावर उभं करत नाहीत. जी खडूशी खोटं बोलते ती रिंगणात काय खरं वागणार, असं त्यांचं म्हणणं. तीन किलोंहून जास्त फरक असला की जोडी लागत नाही. तू अठ्ठावन्न लिहायचीस. मी त्रेसष्टची होऊनही सत्तावन्नच लिहीत राहिले, वर ढगळ स्वेटशर्ट चढवून. स्वतःला सांगायचे की सरांच्या भीतीने लिहितेय. पण खरं लिहिलं असतं तर मला तुझ्यासमोर उभंच केलं नसतं, आणि मला तुझ्यासमोरच उभं राहायचं होतं. मला एकदा तुला पाडायचं होतं.

तो गुरुवार तुला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले होते की डोक्याला मार बसला की आधीची काही मिनिटं जातात. तुला आठवतं ते एवढंच की शुद्धीवर आलीस तेव्हा सर म्हणत होते, "उजवा हात खाली आला तुझा. आता वेळेवर वर येत नाही तो. एकतिसाव्या वर्षी असंच होतं." तपासणीत डोक्यात काही निघालं नाही तरी तू ते खरं मानलंस आणि दोन आठवड्यांत मावशीकडे निघून गेलीस. सगळ्यांनीच खरं मानलं. मी तिथेच उभी होते, ताई, आणि मी गप्प बसले.

आदल्या दिवशी बाईंचं न ऐकता मी नव्वद किलो खांद्यावर घेऊन बैठका मारल्या होत्या. दुसऱ्या फेरीत पाय उचलेनात. ते तुझ्या एकटीच्या लक्षात आलं. तू उजवा हात खाली घेतलास, माझ्या कोपराला लावलास आणि हळूच विचारलंस, "बरी आहेस ना गं?"

आणि मी डावा हुक मारला.

चुकून नाही. तुझी हनुवटी उघडी दिसली आणि मी मारला. तुझा हात वयाने खाली आला नव्हता. माझ्यासाठी आला होता.

आज सकाळी मी हॉलमध्ये काटा नेला आणि सगळ्यांसमोर त्यावर उभी राहिले. दहा दिवसांच्या उपासमारीनंतरही एकसष्ट भरलं. मग सरांना सगळं सांगितलं, हात खाली का आला तेसुद्धा. तुला आधी सांगितलं असतं तर "जाऊ दे, कुणाला बोलू नकोस" म्हणाली असतीस आणि मी आनंदाने ऐकलं असतं. सर बाकावर बसले. मग म्हणाले, "मी तिला म्हातारी ठरवलं." माझं नाव त्यांनी काढलंय. शुक्रवारी संध्याकाळी तू सरावाला आलीस तर रविवारी नाव तुझं. मावशी सांगत होती, तू अजून रोज सकाळी गच्चीवर दोरीच्या उड्या मारतेस आणि विचारलं तर नाही म्हणतेस.

शुक्रवारी मी हॉलमध्ये नसेन. सरांनी मला कधी परत घ्यायचं ते अजून सांगितलेलं नाही, पण ते कारण नाही. मी समोर दिसले की तू लगेच माफ करशील आणि स्वतःचं सोडून माझीच समजूत काढत बसशील. ते मला नको. माझ्यावर रागव, हवं तितकं रागव, पण ये. आणि रविवारी समोरची कितीही थकलेली दिसली तरी तिला बरी आहेस का म्हणून विचारू नकोस.

जिला तू विचारलंस, ती
तुझी धाकटी