मधपेटीच्या झाकणावरचं तुमचं अक्षर

अहो मेघाचे आजोबा,

जन्मात तुम्हाला एक पत्र लिहिलं नाही. लिहायचं कशाला, तुम्ही तर अंगणातच असायचे, त्या मधपेट्यांजवळ. पण काल मेघानं पेटीचं एक झाकण उलटं करून माझ्या मांडीवर ठेवलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय घास उतरून नाही राह्यला. मेघा म्हणाली, "आजी, लिहून काढ, मोकळं वाटंल." मी म्हटलं, दुसरीत शाळा सोडलेली बाई, काय लिहू? तर म्हणते, "तू बोल, मी लिहिते. मंग वही पुरणार नाही."

आधी आनंदाचं सांगते, रागाच्या भरात राहून जाईल. तुमची नात बासरला शिकते! सरस्वतीच्या पायाशी! आठवतं का, तिथंच तुम्ही तिला मांडीवर घेऊन तांदळात पहिलं अक्षर गिरवायला लावलं होतं, आणि ही बया अक्षर सोडून तांदूळच खात बसली होती? पुजारी हसला, तुम्ही लाजलात. तीच पोरगी आता पांढरा कोट घालते. मेलेली माशी चिमट्यानं अशी उचलते जशी सासरी निघालेली लेक पालखीत बसवावी. मी तर बघतच राहते. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगते. आता लोक मला बघून रस्ता बदलतात.

तिनं कॉलेजच्या कामासाठी तुमच्याच चार पेट्या घेतल्या. दोन आंब्याखालच्या, दोन नाल्याकडच्या. मी विचारलं, "बाई, माशांकडून काय शिकणार तू?" तर म्हणाली, "आजी, माशी दिवसभर कोसभर फिरते. फुलावर बसते, डबक्याचं पाणी पिते, अंगाच्या लवेवर तिथली धूळ घेऊन येते. हवेत, पाण्यात, मातीत काय मिसळलंय, ते तिच्या अंगावर सापडतं."

मी म्हटलं, "म्हणजे आपली कमलच की! गावभर फिरते अन् सगळं घरी घेऊन येते!" शेजारची कमल भिंतीपलीकडून ओरडली, "मामी, मी ऐकून राह्यले बरं!" लय हसलो त्या दिवशी.

हसणं तेवढंच होतं.

परवा प्रयोगशाळेचा कागद आला. आंब्याखालच्या माशा चांगल्या. नाल्याकडच्या माशांच्या अंगात, मेणात शिसं निघालं. मधातही निघालं, थोडं का होईना. शिसं कुठून आलं हे मला कोणी सांगायला नको होतं. नाल्यापलीकडे माझ्या भावाची, दत्तूची शेड आहे ना! जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं, विटा पाडायच्या. धूर कसा गोडसर यायचा. आपल्या नातवंडांना वाटायचं, मामाआजोबा काहीतरी खायचं बनवून राह्यले.

आणि कालच कमलच्या सुनेला मुलगी झाली. कमल धावत आली. "मामी, तुमच्या हातचा मध द्या. पोरीच्या जिभेला पहिलं बोट तुमच्याच मधाचं पायजे." मी तर हरखलेच. कपाटातून बाटली काढली. ही मेघा मधेच आडवी.

"आजी, थांब. कमलआजी, डॉक्टर म्हणतात वर्षभर लेकराला मध द्यायचाच नाही, कोणताच. अन् आजी, ही बाटली कोणत्या पेटीची?"

"बिनदोऱ्याची," मी म्हटलं. "नेहमी तीच देते लोकांना. चांगला मध तो."

"मंग लाल दोऱ्याची?"

"ती घरची. आंब्याखालचा पातळ मध, तुझे आजोबा वेगळा काढून दोरा बांधायचे. मोठ्या मनाचा माणूस, चांगलं ते बाहेर द्यायचा."

मेघानं कमलला काहीतरी सांगून घरी पाठवलं आणि परसातून ते झाकण घेऊन आली. नाल्याकडच्या पेटीचं. आतल्या बाजूला तुमचं अक्षर, काळ्या शाईचं. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. घ. री. घरी. न. को. नको.

घरी नको.

खाली रेघा. पाच पाच रेघांच्या जुड्या, ओळीच्या ओळी. मेघा म्हणाली, "पेटीच्या दारात मेलेल्या माशा सापडल्या की आजोबा रेघ मारत असणार. मी कॉलेजात शिकून केलं ते आजोबा आधीच करत होते."

तिला कौतुक वाटलं हो तुमचं. मला काय वाटलं ते सांगू?

तुम्हाला ठाऊक होतं! आपल्या पोरांच्या तोंडात आंब्याखालचा मध, आणि नाल्याकडचा माझ्या हातात देऊन गावात पाठवायचे? शेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं! जिथं पाळणा हलला तिथं मी बाटली घेऊन गेले. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, मिरवत. कमलचा मोठा नातू तर तीन वर्षांचा होईपर्यंत रोज चमचाभर खायचा. अंगात धरावं म्हणून! आता तो वर्गात बसल्या बसल्या पेंगतो, धडा लक्षात राहत नाही म्हणतात. मेघा सांगते, "आजी, मधानंच झालं असं नाही म्हणता येत. नाल्याकाठची विहीर हाय, धूर हाय, शेडवरून घरी आणलेल्या कपड्यांवरची धूळ हाय. आधी लेकरांचं रक्त तपासावं लागंल." खरं असेल तिचं. पण बाटली तर माझ्याच हातची होती ना?

काऊन केलं असं? ओतून का नाही दिला तो मध? मला एक शब्द बोलला असता!

आणि इथंच माझी जीभ अडते. कारण तुम्ही बोलला होतात. एकदाच. शेड सुरू झाली त्या वर्षी, चुलीपाशी बसून. "तुझ्या भावाच्या धुरानं माशा मरून राह्यल्या. मी बोलू का त्याले?" मी फुंकणी आपटली. काय म्हटलं होतं मी? "माझ्या भावाचं जरा बरं चाललं तर तुमच्या पोटात दुखते! एकच माहेर हाय मले, ते नका तोडू." तुम्ही उठून गेलात. त्यानंतर शेडचं नाव तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. माझं माहेर राखलंत तुम्ही. दत्तू दर भाऊबीजेला येत राहिला, पाटावर बसत राहिला, मी ओवाळत राहिले, आणि तुम्ही बाहेर ओट्यावर लाल दोरे कापत बसायचे.

माहेर राखायला सांगितलं होतं मी. गावाची लेकरं बळी द्यायला नव्हतं सांगितलं.

हे रागानं लिहायला लावलं. पण खोडू देणार नाही.

आज सकाळीच मेघा शेड बंद करायची अर्जी घेऊन एम्मारो ऑफिसात, तहसीलदाराकडं, गेली होती. मीही गेले सोबत, तामसीच्या बसनं. तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या शेवटच्या दसऱ्याला जिल्ह्याचे चार तुकडे झाले, आपलं मंडळ म्हणजे तालुका, त्याचेही दोन झाले, आणि पुढच्या पोळ्याला तुम्ही गेलात. आता घर या मंडळात आणि नाल्यापलीकडची शेड त्या मंडळात. साहेब तेलुगूत म्हणाला, "अम्मा, ते आमच्याकडं येत नाही." तिकडं गेलो तर तो म्हणाला, तक्रार करणारे आमच्या हद्दीतले नाहीत. मी म्हटलं, "साहेब, माशा रोज नाला ओलांडतात. त्यांना कोणी सांगितलंच नाही हद्द बदलली म्हणून!" शिपाई हसला. साहेब नाही हसला. म्हणाला, दोन्ही बाजूंच्या लोकांची दस्तखतं आणा, कोणाच्या घरी काय झालं ते लिहून आणा, मग बघू.

घरोघरची दस्तखतं. म्हणजे मला घरोघरी जावं लागणार. आणि पहिलं नाव माझं लागणार, भावाच्या विरोधात. मेघा म्हणाली, "आजी, तुला जमणार नाही तर राहू दे. मी करते काहीतरी." किती जपून बोलली पोरगी. अगदी तुमच्यासारखी. तेव्हाच ठरवलं, या घरात असं जपून बोलणं आता पुरे झालं.

तर ऐका. उद्या सकाळी मी दत्तूकडं जाणार, सगळ्यांच्या आधी. त्याला दुसऱ्याकडून कळू नये. त्याच्या तोंडावर सांगणार, "दत्तू, भाऊबीजेला पाट मांडून ठेवीन. येशील तर ओवाळीन, नाही आलास तर पाट रिकामा राहील. पण शेड बंद झाली पायजे." मग पहिलं दस्तखत करणार. अंगठा नाही, दस्तखत. मेघानं शिकवलं आहे, "र"ची शेपटी जरा लांब जाते तेवढंच.

मग कमलचं घर. तिथून पुढं ज्या ज्या घरी बाटली दिली ते प्रत्येक घर. सगळी घरं आठवतात मला, सगळ्यांची बाळंतपणंही. सांगीन, माझ्या हातानं झालं, पोरांचं रक्त तपासून घ्या, मी सोबत येते दवाखान्यात. शिव्या देतील. देऊ देत. तुमच्या वाट्याच्याही मीच खाईन, तुम्ही सुटलात!

तुमचं झाकण सोबत नेणार आहे, काखेत धरून. तुमचं अक्षर पुसलं नाही. पुसवलंच नाही हो, कितीही राग आला तरी. फक्त मेघाचा पेन घेऊन खाली माझ्या हातानं एक ओळ वाढवली. अर्धा तास लागला. वाकडी आली आहे, पण वाचता येते:

कोणाच्याच घरी नको.

तुमचीच, अजून रुसलेली,
राधा