घोयऱ्याचं पाणी

माझ्या हाताला यश नाही, हे तुम्ही एका मेलेल्या घोयऱ्यावरून ठरवलंत, अप्पा, आणि जन्मभर तेच धरून बसलात. मी नऊ वर्षांची. कुंपणावरचा रंग बदलणारा सरडा खोक्यात आणला, पुढ्यात करवंटीभर पाणी ठेवलं, माश्या मारून घातल्या. चौथ्या दिवशी तो मेला. तुम्ही पडवीत आंब्याची कलमं बांधताय, सुरी थांबत नाही, मानही वर होत नाही. म्हणालात, "हिच्या हाताला यश नाही. रोपांना हात लावू देऊ नका." दादाला कलम बांधायला शिकवलंत. मी चौथीनंतर गोठ्यात.

आता ऐका. इथे हॉलंडात, टिलबर्गला, आमच्या बैठकीत जाळीचा पिंजरा उभा आहे, माझ्या खांद्याएवढा. आत खरी झाडं, वर दोन दिवे. घोयराच आणतेय, दूरदेशचा. मालक, म्हणजे तुमचे जावई, म्हणाले वेड लागलंय. लेक डचमध्ये काहीतरी पुटपुटली, मला कळायचं ते कळलं. तो जिथून घेणार त्या दुकानातल्या बाईने चित्र काढून समजावलं की हा भांड्यातलं पाणी पीत नाही, पानावर थेंब दिसला तरच जीभ लावतो. मी तिथेच स्टुलावर बसले. चाळीस वर्षं, अप्पा. भरलेल्या करवंटीपुढे तो तहानेने मेला. मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं, पण बोललात तुम्ही.

म्हणून आधी सगळं रिकाम्या पिंजऱ्यात करून बघतेय. वर ठेवलेल्या पाण्याच्या डब्याला सुईने भोक पाडलंय, पानांवर थेंब पडतात. सकाळ-दुपारची गरमी मीच वहीत लिहिते, आकडे मला येतात. त्याला खायला जे किडे आणलेत त्यांना गाजर घालते. मालक म्हणाले, किड्यांचीसुद्धा बडदास्त? म्हटलं, तुमची पंचवीस वर्षं केली, त्यापेक्षा हे सोपं आहे.

हा कागद कुठे टाकायचा नाही, तुम्ही गेलात तिथे टपाल जात नाही; वहीतच राहील, म्हणून लिहिते. बाईने आठवडाभर रिकामा चालवा सांगितलं होतं. तीन आठवडे झाले. दिवे नीट, पाणी नीट, आणि मी दोनदा फोन करून पुढचा शनिवार मागून घेतला. मला भीती वाटते. या शनिवारी मी त्याला आणायला जाणार, तुम्ही काही म्हणा. पण ते बोललेलं तुम्ही मागे घ्यायचं. कसं ते तुमचं तुम्ही बघा. शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत मला उत्तर पाहिजे.